नकाशावरचं सातवं साल

"काय हाये थे कोनीबी सांगते, बाई. काय नाई थे सांगा."

भाऊंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीच्या तिसऱ्या दिवशी. त्यांनी माझ्यासमोर एका खेड्याचा जुना नकाशा पसरला होता आणि काय दिसतं ते विचारलं होतं. मी उत्साहाने विहीर, तळं, देऊळ, पायवाट असं सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "शाळा दिसते का? नाई नं? थ्या गावची शाळा माह्या डोळ्यासमोर झाली. म्हनजे हा नकाशा शाळेच्या आधीचा. आता झालं ना सोपं?"

तेव्हा चंद्रपूरला आमच्या ऑफिसात जिल्ह्याचे जुने-नवे नकाशे सांभाळले जात. मी नुकतीच लागलेली कारकून होते आणि भाऊ तिथले ट्रेसर, म्हणजे नकाशावर पारदर्शक कापड अंथरून तो रेघ न् रेघ उतरवून काढणारे. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा. नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकात वापरलं जायचं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे.

नकाशाला हात लावण्याआधी ते साबणाने हात धुवायचे. साबणाची वडी पत्र्याच्या डबीत स्वतःची. हात टॉवेलला पुसायचे नाहीत, कारण टॉवेलचं तेल कागदाला लागतं. मग दोन्ही हात खांद्याइतके वर धरून हवेत झटकत वाळवायचे. नेमकं त्याच वेळी कोणी खेडूत दारात आला तर त्याला वाटायचं, हा माणूस आपल्याला हाकलतोय. कितीतरी लोक दारातूनच परत फिरले असतील. एकदा तर भाऊ ओल्या हातांनी एका म्हाताऱ्याच्या मागे फाटकापर्यंत धावत गेले, "अवो बाबा, तुमाले नाई, तुमाले नाई!" म्हणत.

जिल्ह्याची वाटणी झाली ते दिवस. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या ऑफिसातल्या कागदांचीही फाळणी सुरू झाली. रेकॉर्डरूममध्ये भाऊ आणि मी, दोघांना बसवलं. उजवीकडे चंद्रपूरचा ढीग, डावीकडे गडचिरोलीचा. मधे तिसरा ढीग, जो कोणाच्याच कामाचा नाही त्याचा. हा तिसरा ढीग नाशाच्या यादीत जायचा. प्रत्येक कागदाची नोंद रजिस्टरमध्ये करायची होती आणि त्या रजिस्टरात एक रकाना होता, 'वर्ष'. साहेबांचा आदेश स्पष्ट होता. ज्या कागदाचं वर्ष लागत नाही, तो नाशाच्या यादीत.

दहा-बारा दिवसांनी एका कपाटामागून पत्र्याची लांब नळी निघाली. झाकण गंजून बसलेलं. भाऊंनी ते घासलेटाने सोडवलं, पुन्हा हात धुतले, पुन्हा वाळवले आणि आतला कागद इतक्या हळू बाहेर काढला की मला उगाच श्वास रोखून धरावासा वाटला.

अख्ख्या हिंदुस्थानचा नकाशा होता तो. राज्यांच्या कडा हाताने रंगवलेल्या, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या. हिरवा रंग जिथे होता तिथे कागद तपकिरी पडून चिरला होता. अक्षरं इंग्रजीच, पण शब्द वाचायला जावं तर अर्थ लागेना. अक्षरांच्या डोक्यावर कुठे तिरकी रेघ, कुठे टोपी. आमच्या शहराच्या जागी मात्र स्वच्छ 'चांदा' हे त्याचं जुनं नाव लिहिलेलं होतं. ते वाचून आम्ही दोघे एकदमच हसलो, परगावी ओळखीचं माणूस भेटावं तसे.

"हा कोणत्या ढिगात टाकू, भाऊ?" मी विचारलं.

"हा ना चांद्याचा, ना गडचिरोलीचा," ते म्हणाले. "हा तं साऱ्याईचाच हाये. म्हनजे कोनाचाच नाई."

खाली कोपऱ्यात, फुलापानांच्या चौकटीत, नकाशाचं नाव छापलेलं होतं आणि त्याखाली 'AN VII' एवढीच अक्षरं. मला इंग्रजी येतं अशी ऑफिसात माझी ख्याती होती. मी म्हटलं, 'अॅन' म्हणजे एक आणि पुढे सात. एक सात. याचा काही अर्थ होत नव्हता, पण साहेबांना तो लगेच लागला. ते पुण्याकडचे, सभ्य गृहस्थ, पण वाटणीच्या कामाने पार वैतागलेले.

"सात म्हणजे एकोणीसशे सात. शतक गाळून लिहायची पद्धत असते. लिहून टाका आणि मोकळे व्हा."

मी पेन उचललंसुद्धा. भाऊंनी रजिस्टरवर हात ठेवला.

"साहेब, याच्यात रेल्वे नाई."

"म्हणजे?"

"एकोनीसशे सातचा म्हनता. अख्ख्या हिंदुस्थानात एक रेल्वेची रेघ नाई याच्यात. ना मुंबईले, ना कलकत्त्याले. असं कसं होईन?"

साहेबांनी चष्मा काढला, नकाशाकडे पाहिलं. म्हणणं त्यांना पटलं होतं, पण पटून उपयोग नव्हता. "मग तुम्ही सांगा कोणतं वर्ष. महिनाअखेर ट्रक गडचिरोलीला निघणार. तोवर वर्ष लागलं तर ठीक, नाहीतर यादीत टाका. एका कागदासाठी मी सगळं काम अडवू शकत नाही."

तुमच्या लक्षात आलंच असेल, एकोणीसशे सात लिहिलं असतं तर नकाशा तिथल्या तिथे वाचला असता. मी भाऊंना तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणात माती कालवायला सांगितली आहे.

त्या दिवसापासून रोज दुपारी डबा खाऊन झाला की आम्ही नकाशासमोर बसू लागलो. भाऊंनी आधी कागद खिडकीच्या उजेडात धरला. आत चाळणीसारख्या बारीक उभ्या-आडव्या रेघा दिसत होत्या आणि मधोमध द्राक्षाच्या घडासारखी एक आकृती, कागदातच विरलेली. "हा मशीनचा कागद नाई, हाताचा हाये," ते म्हणाले. मग माझं बोट धरून त्यांनी नकाशाच्या कडेवरून फिरवलं. चौकटीबाहेर एक पुसट खाच लागली. तांब्याचा पत्रा कोरून त्यावरून दाबून छापलं की कागदावर पत्र्याची कड अशी उमटते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते नद्यांकडे वळले. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता या नद्या त्यांनी आयुष्यात किती वेळा उतरवल्या असतील. झोपेत काढल्या तरी वळण चुकलं नसतं. या नकाशात वैनगंगा भलतीकडेच वाहत होती. "हा बाप्पा इकडे आलाच नाई," भाऊ म्हणाले. "कोनाचं तरी ऐकून काढलं यानं." त्यांना राग आला नव्हता. उलट मौज वाटत होती. पुढे चामोर्शीकडचा भाग, जिथे त्यांचं मूळ गाव, तिथे तर काहीच नव्हतं. कोरी जागा आणि त्यात तीन-चार शब्द तिरके छापलेले.

पाचव्या-सहाव्या दिवशी ते सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, तुमच्या घरी शाळेचं नकाशाचं पुस्तक असंन नं?"

माझ्या भावाचा अॅटलास मी घेऊन गेले. भाऊंनी जुन्या नकाशाच्या वरच्या कडेवरचे आकडे एका कागदावर उतरवले होते. शेजारी त्यांनी अॅटलासमधले आकडे मांडले. अॅटलासमध्ये चांदा एकोणऐंशी अंशांच्या थोडं पुढे. जुन्या नकाशात सत्त्याहत्तर. मुंबई बहात्तरच्या पुढे, जुन्यात सत्तरच्या पुढे. मद्रास ऐंशी, जुन्यात अठ्ठ्याहत्तरला थोडं कमी.

"चुकला असेल," मी म्हटलं. "वैनगंगा नाही का चुकली?"

"चुकनारा मानूस सगळीकडं सारखाच नाई चुकत," भाऊ म्हणाले. "इथी थोडा, तिथी जास्त, असा चुकते. हा पाहा, जिथं पाहावं तिथं दोन अंश अन् वर थोडं. हा चुकला नाई. याचा शून्यच दुसरीकडं हाये."

मला समजायला वेळ लागला. आपल्या अॅटलासचा शून्य लंडनजवळून जातो. या नकाशाने तो दुसऱ्याच गावावरून नेला होता. भाऊंनी युरोपचं पान उघडलं, लंडनपासून उजवीकडे दोन अंश आणि वर थोडं मोजलं आणि पेन्सिलीचं टोक टेकवलं. टोकाखाली पॅरिस होतं.

जी भाषा कधी कानावर पडली नाही, जिचं एक अक्षर येत नाही, ती कोणती हे त्या माणसाने नुसत्या वजाबाकीने शोधून काढलं होतं. मी जोरात टाळी वाजवली. भाऊ लाजले. "फ्रेंच म्हनजे पांडेचेरीवाले नं?" एवढंच म्हणाले.

आता पुढचा प्रश्न. चंद्रपुरात फ्रेंच वाचणार कोण? मी कॉलेजात विचारलं, मिशनच्या शाळेत विचारलं. शेवटी उत्तर मिळालं ते आमच्या शेजाऱ्याकडून. तो माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. "आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर पाँडिचेरीचा आहे," तो म्हणाला. "गोळ्या मोजतो तेव्हा 'अँ, द्यो, त्र्वा' असं काहीतरी म्हणतो. लोकांना वाटतं, बिचारा एक सोडून दोनपासूनच मोजतो. एक गोळी फुकट मिळाली म्हणून खूश होतात."

मूळ नकाशा ऑफिसाबाहेर नेता येत नव्हता. भाऊंनी तीन दिवस खपून त्यावरचे सगळे शब्द कापडावर उतरवले. मग एका रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही माजरीला गेलो.

कंपाउंडर ठेंगणे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ होते. हिंदी बोलायचे, पण त्यातही तमिळ ठेका. त्यांनी कापड उलगडलं, दोन ओळी वाचल्या आणि भाऊंकडे पाहिलं. "आप को फ्रेंच आता है?"

"नाई बा," भाऊ म्हणाले. "मले तं इंग्रजी बी धड येत नाई."

"लेकिन एक मात्रा गलत नहीं है," ते पुटपुटले. मग मोठ्याने वाचू लागले. पंचवीस वर्षांत त्यांनी ती भाषा कोणासमोर मोठ्याने वाचली नव्हती, असं नंतर म्हणाले. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलत गेला, वर्गात उभं राहून वाचणाऱ्या मुलासारखा झाला. दाराशी औषधाला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या.

चामोर्शीकडच्या कोऱ्या जागेतल्या शब्दांचा अर्थ त्यांनी सांगितला, 'या मुलखाची फारशी माहिती नाही.' भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "माह्यं गाव तिथंच हाये," ते म्हणाले. "बरोबर लिवलं. अजूनबी कोनाले माहीत नाई."

मग आम्ही कोपऱ्यातल्या त्या दोन अक्षरांवर आलो. कंपाउंडर म्हणाले, 'आन' म्हणजे साल. साल सातवं.

"कोणतं सातवं?" मी विचारलं.

राजा गादीवर बसल्यापासूनचं असेल, ते म्हणाले.

भाऊ कापडावरच्या त्या अक्षरांवर वाकले होते. मान वर करून त्यांनी विचारलं, "फ्रेंच लोकाईनं कधी जुनं सारं टाकून देल्लं का?"

"मतलब?" कंपाउंडर म्हणाले.

"माही माय," भाऊ म्हणाले, "कोनतीबी गोष्ट दीक्षेपासून मोजते. छप्पन्न साली चांद्याले दीक्षा झाली. आमी सारे पायी आल्तो. तेव्हापासून मायचं पह्यलं साल सुरू झालं. नातू कधी झाला, तं दीक्षेच्या चौथ्या साली. घरावर कौलं कधी आले, तं नवव्या साली. त्याच्या आधीचं विचारलं तं म्हनते, थे कायले मोजाचं? ज्यानं जुनं टाकून देल्लं, थोच पह्यल्यापासून मोजते. म्हनून इचारतो."

मला एकदम दहावीचा इतिहास आठवला. फ्रेंच राज्यक्रांती! राजाला काढून टाकलं, त्याचा शिरच्छेद केला. सतराशे एकोणनव्वद. मी बोटांवर मोजलं. तिथपासून सातवं म्हणजे सतराशे पंच्याण्णव. "लिहून टाकू, भाऊ!"

"थांबा," ते म्हणाले.

थांबायला कारण होतं. भाऊंनी एकीकडे रंगांचाही हिशोब लावला होता. दक्षिणेत म्हैसूरच्या सुलतानाचा मुलूख गुलाबी कडेने दाखवलेला होता, म्हणजे नकाशा काढला तेव्हा सुलतान मेलेला नव्हता. पण कालिकत त्या गुलाबीत नव्हतं. माझ्या इतिहासाच्या पुस्तकातून आम्ही पाहिलं होतं. सुलतानाचा अर्धा मुलूख गेला सतराशे ब्याण्णवला आणि तो स्वतः पडला नव्व्याण्णवला. नकाशा या दोहोंच्या मधला. पंच्याण्णव त्यात बसत होतं, पण सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवही बसत होतं. "पह्यलं साल कोन्या दिवशी सुरू केलं, थे कळल्याशिवाय कसं लिवू?" भाऊंचं म्हणणं.

कंपाउंडरांची थोरली बहीण पाँडिचेरीला फ्रेंच शाळेत शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. त्यांनी आमच्यादेखत तिला पत्र लिहिलं. खाली भाऊंनी मला इंग्रजीत दोन ओळी लिहायला लावल्या. 'उत्तर यायच्या आधी आमचा ट्रक निघेल. कृपया लवकर लिहावे.'

उत्तर आलं नाही. महिना संपत आला. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी भाऊ साहेबांच्या खोलीत गेले. सही घ्यायला मी रजिस्टर घेऊन आधीच तिथे उभी होते.

"साहेब, गडचिरोलीले ट्रेसर कोन जाते?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. जाणारा कोणी नव्हताच. नवं ऑफिस भाड्याच्या घरात, राहायला जागा नाही, मलेरिया. सगळ्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या.

"मी जातो," भाऊ म्हणाले. "पर हा नकाशा माह्या ताब्यात द्या. तपास चालू हाये असं लिवा. नाशाच्या यादीत नका टाकू."

"अहो भाऊ, तुमची तीन वर्षं राहिलीत. इथे घर बांधलंत. वहिनींना दम्याचा त्रास. एका कागदासाठी?"

कर्तव्य, इतिहास, देश, असलं काही ते बोलतील असं मला वाटलं होतं.

"साल लागत आलं हाये, साहेब," ते म्हणाले. "आता सोडलं तं मले जेवन नाई जानार."

साहेबांनी माझ्याकडून रजिस्टर घेतलं आणि नकाशाच्या नोंदीपुढे स्वतःच्या हाताने 'तपासाधीन' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले. नळी त्यांच्या मांडीवर होती. ती मागे सामानात टाकलेलं त्यांना चाललं नसतं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता धाप लागायची, पण बोलणं काही थांबायचं नाही. "पाह्यलं का बाई? लोकाईचे नवरे बाईच्या नादी लागते. माह्यानं कागदाची सवत आनली. अन् तिचं वय शोधून राह्यला!" म्हणून हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. दर शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने भाऊ यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. येताना वहिनींसाठी कुठलीशी झाडपाल्याची मुळी आणायचे, गोंड वैदूकडून. वहिनी ती उकळून प्यायच्या आणि कडू लागली म्हणून नवऱ्याला आठवडाभर शिव्या द्यायच्या.

पाँडिचेरीचं पत्र आलं ते पुढच्या महिन्यात, आमच्या चंद्रपूरच्या पत्त्यावर. लिफाफ्यावर भाऊंचं नाव होतं. मी ते फोडलं नाही. एक दिवसाची रजा टाकली आणि गडचिरोलीची बस धरली.

कौलारू घर, पुढे पडवी, तिथेच ऑफिसचा बोर्ड टेकवून ठेवलेला. भाऊ खिडकीशी काम करत होते. मला पाहून उठले, हात धुवायला निघाले. मी म्हटलं, "भाऊ, हे पत्र आहे. याला हात धुवायची गरज नाही." तरी त्यांनी धुतलेच.

पत्र सुंदर इंग्रजीत होतं. मी वाचून मराठीत सांगत गेले. राजाला काढून टाकल्यावर फ्रेंचांनी खरोखरच कालगणना पहिल्यापासून सुरू केली होती, पण क्रांतीच्या दिवसापासून नव्हे. प्रजेचं राज्य जाहीर झालं त्या दिवसापासून, सतराशे ब्याण्णवच्या सप्टेंबरपासून. आपल्या बाई एकोणनव्वदपासून मोजत असतील तर ती चूक पुष्कळ विद्यार्थी करतात, असंही तिने लिहिलं होतं. ते मी गाळणार होते, पण भाऊंचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर होतं. "वाचा वाचा," ते म्हणाले. सातवं साल म्हणजे सप्टेंबर अठ्ठ्याण्णव ते सप्टेंबर नव्व्याण्णव.

भाऊ उठून नकाशापाशी गेले. बोट कागदाला न लावता श्रीरंगपट्टणाच्या वर धरून उभे राहिले. "नव्व्यान्नवच्या मे महिन्यात हा मेला," ते हळूच म्हणाले. "बातमी जहाजानं जानार. पॅरिसले पोचाले चार-पाच महिने लागले असन. याईनं नकाशा छापला तेव्हा याईच्यासाठी थो जिताच होता."

मग त्यांनी रजिस्टर काढलं. आता गंमत अशी झाली की रकाना चार आकड्यांचा आणि साल दोन सालांत विभागलेलं. तिथला हेडक्लार्क म्हणाला, कोणतंही एक लिहा, कोण बघतंय. भाऊंनी काळी शाई घेतली, सर्वांत बारीक निब लावलं आणि मुंगीएवढ्या अक्षरांत 'सप्टें. १७९८ ते सप्टें. १७९९' असं त्या रकान्यात अचूक बसवलं. एकही रेघ ओलांडली नाही. लिहून झाल्यावर त्यांनी चहा मागवला. तो संपल्यावर दुसरा मागवला. भाऊंना मी एका वेळी दोन चहा घेताना तेवढंच पाहिलं.

नकाशा पुढे भाऊंच्या टिपणासह मोठ्या शहरातल्या सरकारी संग्रहालयात गेला. पोच आली, तिच्यात आभार होते. भाऊंनी ती दोनदा वाचली आणि फाईलला लावली. साहेबांनी त्यांना चंद्रपूरला परत आणायचा प्रयत्न केला होता, हे मला नंतर कळलं. बदली ट्रेसर मिळाला नाही. भाऊंनी तीन वर्षं तिकडेच काढली आणि तिथूनच निवृत्त झाले.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. पाँडिचेरीच्या त्या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार थांबलाच नव्हता. सुरुवातीला ते पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे येत. पुढे मला वाटलं, ते संपलं असावं. संपलं नव्हतं. भाऊ मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच लिहू लागले होते आणि जिथे शब्द सुचत नसे तिथे चित्र काढत होते.

ते गेले ते ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा. दोन दिवसांचा ताप. मी त्या आठवड्यात गावी होते, उशिरा कळलं. घरी गेले तर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. धाप पूर्वीसारखीच होती, बोलणं मात्र आटलेलं. त्यांनी उशीखालून एक जाड लिफाफा काढला.

"काल आलं. कोनी वाचून द्याले नाई."

पाँडिचेरीचा शिक्का. आत पत्र आणि घडी घातलेला पारदर्शक कागद. त्या कागदावर किनारपट्टीचा एक तुकडा, बंदरं, काही नावं, फार कष्टाने आणि जरा वेड्यावाकड्या हाताने उतरवलेली. मी पत्र वाचून दाखवलं. 'प्रिय बंधू, एका जुन्या घराच्या सामानात हा नकाशा मिळाला. त्यावर सालाचा उल्लेख नाही. इथे दोघातिघांनी पाहिला, प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी त्यांना म्हटलं, थांबा, चांद्याला माझे एक बंधू आहेत, त्यांना विचारते. तुमच्यासारखं मला उतरवता येत नाही, त्याबद्दल हसू नका.'

वहिनींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. सावकाश. 'हसू नका' इथे त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच आणखी एकदा ऐकलं. मग कागद मागून घेतला, उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"उत्तर द्यान नं, बाई?"

"देईन."

"मंग थे गेले असं पह्यल्यांदाच नका लिवू," वहिनी म्हणाल्या. "आधी नकाशाचं लिवा. तिनं थेच तं इचारलं हाये."

मी तो कागद घरी आणला. सहा आठवडे दोन ग्रंथालयं धुंडाळली, शाळेची पुस्तकं काढली, एकदा माजरीलाही जाऊन आले. जे काही हाती लागलं ते लिहिलं, जिथे खात्री नव्हती तिथे खात्री नाही असं लिहिलं. दोन पानं भरली. तिसरं पान सुरू करायला मला चार दिवस लागले.